समुद्रातील वायुमंचावर जड यंत्र बदलताना

बडोद्याच्या एखाद्या घरात सकाळी चहासाठी शेगडीची कळ फिरते आणि निळी ज्योत उमटते, तेव्हा हा वायू कोठून आला याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वसईसमोर अरबी समुद्राच्या तळाखाली एक मोठे वायुक्षेत्र आहे. तेथील वायू समुद्रतळावर टाकलेल्या नळातून सुरतेजवळच्या हजिरा येथे येतो व तेथे शुद्ध केला जातो. हजिऱ्याहून निघालेली मोठी नळवाहिनी मध्य प्रदेशातील विजयपूरवरून उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत जाते. आज या वाहिनीत परदेशांतून जहाजाने आलेला वायूही मिसळतो. तथापि तिचा एक उगम आपल्या कोकणकिनाऱ्यासमोरच्या पाण्यात आहे, ही गोष्ट खरी. त्या पाण्यात उभ्या असलेल्या पोलादी मंचांवर माणसे रात्रंदिवस काम करतात. त्या मंचावरचे एखादे जड यंत्र जुने झाले, तर ते भर समुद्रात कसे बदलतात आणि त्यात माणसाचा जीव कसा सांभाळतात, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

मंच म्हणजे काय, ते प्रथम पाहू. समुद्रतळात खोल ठोकलेल्या पोलादी खांबांवर एकावर एक असे तीन-चार मजले उभारलेले असतात. विहिरीतून आलेला वायू, तेल आणि पाणी येथे वेगळे होतात. मग वायूवर दाब देऊन तो नळातून किनाऱ्याकडे ढकलावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्राला कॉम्प्रेसर म्हणतात. वायुक्षेत्र जसजसे जुने होते तसतसा भूगर्भातील दाब उतरतो, आणि पूर्वीचे यंत्र पुरेसे पडेनासे होते. त्यातच खारा वारा आणि अखंड कंपने लोखंड खात असतात. म्हणून मंचाचे खांब शाबूत असले, तरी त्यावरची यंत्रे त्याच्या आयुष्यात अनेकदा बदलावी लागतात.

जमिनीवरच्या कारखान्यात यंत्र बदलणे हेही सोपे काम नव्हे. परंतु तेथे मोकळे अंगण असते, रस्ता असतो, आणि काही बिनसले तर माणसे फाटकाबाहेर पळू शकतात. मंचावर यातले काहीच नसते. जे यंत्र काढावयाचे, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस वायूने भरलेले नळ, डोक्यावर दुसरा मजला आणि पायाखाली समुद्र. थोड्याच अंतरावर कामगारांची झोपण्याची व जेवण्याची जागा. कामासाठी जास्तीची माणसे आणावी म्हटले, तर पलंग मोजके असतात. आणि पलंगापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे जीवनौकेत जितकी आसने, तितकीच माणसे मंचावर ठेवता येतात.

आता असे समजा, की वीस टन वजनाचा एक जुना कॉम्प्रेसर काढून त्या जागी नवा बसवावयाचा आहे. आपल्या डोळ्यांपुढे लगेच चित्र येते ते एका प्रचंड यारीचे, म्हणजे क्रेनचे, तिच्या आकड्याला लोंबणाऱ्या अवजड धुडाचे आणि खाली उभ्या असलेल्या माणसांचे. धोका तेथेच आहे असे आपणांस वाटते. तो धोका खराच आहे, व त्याविषयी मी पुढे बोलणार आहे. परंतु या कामातील मोठा धोका वजनात नसतो. तो अर्धवट माहितीत असतो. एखादे यंत्र चालू आहे की बंद, भरलेले आहे की रिकामे, पूर्ण जोडलेले आहे की अर्धे सोडलेले, हे एका माणसाला ठाऊक आणि दुसऱ्याला ठाऊक नाही, अशी स्थिती आली की अनर्थाला वाट मिळते. याचे सर्वांत दारुण उदाहरण उत्तर समुद्रात घडले.

स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहराच्या ईशान्येस सुमारे १९० किलोमीटरवर पायपर अल्फा नावाचा मंच होता. ६ जुलै १९८८ रोजी तेथे दोन पंपांपैकी एक पंप दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. वायूतून निघणारा हलका, चटकन पेट घेणारा द्रव हे पंप पुढे ढकलीत असत. बंद पंपाच्या नळावरील सुरक्षा-झडप तपासणीसाठी काढली होती, आणि उघड्या तोंडावर लोखंडी झाकण बसविले होते. संध्याकाळपर्यंत झडप तपासून तयार झाली. पण ती जागेवर नेऊन बसविण्यास त्या वेळी यारी मोकळी नव्हती. काम उद्यावर गेले. झाकण तसेच राहिले, आणि ते दाब सहन करील इतके घट्ट नव्हते. ते होते उंचावर, पंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या सहज नजरेस न पडणाऱ्या जागी.

पाळी बदलली. रात्री पावणेदहाच्या सुमारास चालू असलेला दुसरा पंप बंद पडला व पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीच्या माणसांपुढे पंपाच्या दुरुस्तीचा परवाना होता. झडप काढल्याचा दुसरा परवाना त्यांच्या पाहण्यात आला नाही, आणि पाळी सोपविताना तोंडीही कोणी ते सांगितले नव्हते. पंपाची दुरुस्ती प्रत्यक्षात सुरूच झालेली नाही, तेव्हा तो चालविण्यास हरकत नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी पंप सुरू केला. झाकणातून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. शेजारच्या मंचांवरून येणाऱ्या नळांतील वायूने पुढे आग भडकत गेली. मंचावर २२६ माणसे होती. त्यांतील ६१ वाचली. बचावाला आलेल्या दोघांसह १६७ माणसे मृत्युमुखी पडली.

श्रोतेहो, येथे कोणी मोठे धाडस केले नव्हते. झडप काढणारा आपले काम जाणत होता. पंप चालविणाराही आपले काम जाणत होता. पहिल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचली नाही, एवढेच. लॉर्ड कलन यांनी या दुर्घटनेची चौकशी केली. १९९० च्या नोव्हेंबरात त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला व त्यात १०६ शिफारशी होत्या. मंच चालविणाऱ्याने आपल्या येथील धोके कोणते आणि ते आवरण्याची आपली व्यवस्था काय, हे लेखी मांडून पटवून द्यावे, हा त्यांतील गाभा होय. कामाचा परवाना हा केवळ सहीचा कागद नसून एका माणसाने दुसऱ्याला दिलेली खबर आहे, ही जाणीवही या चौकशीने जगभर पक्की केली.

आता आपल्या वीस टनी यंत्राकडे परत येऊ. त्याला यारीचा आकडा लागण्यापूर्वी चार गोष्टी क्रमाने व्हाव्या लागतात: थांबविणे, तोडणे, रिकामे करणे आणि खात्री करणे.

थांबविणे म्हणजे नुसती कळ बंद करणे नव्हे. विजेचा पुरवठा मूळ जागी तोडून तेथे कुलूप लावतात. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या ताब्यात राहते, आणि कुलपाला चिठ्ठी असते. आत यंत्राला हात घालून बसलेल्या माणसाच्या नकळत बाहेरच्या कोणी वीज सोडू नये, हा त्यामागील साधा हेतू.

तोडणे म्हणजे वायूशी संबंध तोडणे. एका झडपेवर भिस्त ठेवीत नाहीत, कारण जुनी झडप थोडीफार झिरपतेच. म्हणून एकामागे एक अशा दोन झडपा बंद करतात आणि त्यांच्या मधली जागा लहान नळीने सुरक्षित ठिकाणी मोकळी ठेवतात. पहिली झडप झिरपली तरी वायू मधल्या वाटेने निघून जातो. दुसरीवर दाब चढत नाही. काम अनेक दिवसांचे असेल, तर नळाच्या सांध्यात पोलादाची जाड अखंड चकती बसवितात. किती चकत्या कोठे बसविल्या याची यादी करून ती नकाशावर खुणावतात. कारण विसरलेली चकती पुढे यंत्र सुरू करताना तितकीच घातक ठरते.

रिकामे करणे हे तिसरे काम. नैसर्गिक वायूतील मुख्य घटक मिथेन. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असले, की ठिणगीने त्याचा भडका उडतो. म्हणून यंत्रातील वायू सोडून दिल्यावर नायट्रोजनने ते धुऊन काढतात. परंतु नायट्रोजनचाही एक छुपा धोका आहे. तो विषारी नाही, त्याला वास नाही, रंग नाही. तो फक्त प्राणवायूची जागा घेतो. एरवी हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो फार कमी झालेल्या जागेत माणसाने डोके घातले, तर दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते आणि ओरडण्यासही अवसर मिळत नाही. त्याला काढण्यास धावलेला सोबतीही तेथेच पडतो. म्हणून आत जाण्यापूर्वी ताज्या हवेने ती जागा भरावी लागते आणि मापकाने प्राणवायू मोजावा लागतो.

वसईच्या क्षेत्रातील वायूत हायड्रोजन सल्फाइडचाही अंश असतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास प्रथम येतो; पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास थांबला म्हणून धोका टळला, असे समजणारा फसतो. शिवाय अशा वायूमुळे यंत्राच्या आत लोहसल्फाइडची काळी भुकटी साचते. यंत्र उघडताच तिला हवा लागली, तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून ती पाण्याने ओली ठेवून खरवडतात. जुने यंत्र कापून काढावयाचे असेल, तर ज्योतीऐवजी थंड कापणीची हत्यारे वापरण्याकडे कल असतो.

चौथी गोष्ट खात्री. आत वायू नाही हे कागदावर लिहिलेले पुरत नाही. मापक आत घालून पाहावे लागते, आणि तेही केवळ सकाळी एकदा नव्हे, तर काम पुन्हा सुरू करताना दर वेळी. ज्याने चकत्या बसविल्या त्याने एक, आणि ज्याने बसविल्या नाहीत अशा दुसऱ्याने एक, अशी दोनदा पाहणी झाली म्हणजे चूक सापडण्याचा संभव वाढतो. आपण लिहिलेल्या मजकुरातील चूक आपल्यालाच दिसत नाही, हा अनुभव श्रोत्यांस असेलच.

एवढे झाल्यावर यारीची पाळी येते. प्रथम वजन. जुन्या यंत्राच्या पाटीवर वीस टन लिहिलेले असले, तरी मागाहून जोडलेल्या नळ्या, तळाशी साचलेले पाणी आणि गाळ यांनी ते वाढलेले असते. म्हणून प्रत्यक्ष ताण मोजून पाहतात. एखादा बोल्ट कापावयाचा राहून गेला असेल, तर यारी नुसते यंत्र उचलीत नाही. ती जणू मंचच उचलू पाहते. ताण अपेक्षेबाहेर चढला, की ओढणे थांबवून शोध घेणे हाच शहाणपणा.

मग येतात दोरांचे कोन. वीस टनांचे यंत्र दोन उभ्या तारदोरांनी उचलले, तर प्रत्येकावर दहा टन ताण येतो. तेच दोर वर एका आकड्यात आणून आडव्या रेषेशी साठ अंशांत ठेवले, तर प्रत्येकावर सुमारे साडेअकरा टन. आणि दोर आखूड घेऊन तो कोन तीस अंशांवर आणला, तर प्रत्येकावर पूर्ण वीस टन! यंत्र तेच, दोर तेच, पण ताण दुप्पट. जुन्या हमालांना हे गणिताविना कळत असे. आखूड दोराने जड पेटी उचलू नये, असे ते सांगत.

वीस टनांचे धूड दहा मीटरांवरून निसटले, तर ते दीड सेकंदाच्या आत खाली येते, आणि आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे पन्नास किलोमीटर असतो. म्हणजे भरधाव मालमोटारीची धडकच. ती वायूच्या नळावर बसली तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून भार जिवंत नळांवरून न्यावयाचा नाही, आणि दुसरी वाटच नसेल तर ते नळ आधी बंद करून रिते करावयाचे. समुद्रात पडलेला भारही तळावरच्या नळांचा घात करू शकतो. तेव्हा बोट कोठे उभी करावयाची, हेही आधी ठरते. भाराखाली कोणीही उभे राहावयाचे नाही. खुणा करणारा माणूस एकच. पण ‘थांबा’ ही खूण मात्र कोणीही करावी आणि यारी चालविणाऱ्याने ती तत्काळ मानावी, असा या धंद्यातील दंडक आहे.

समुद्रामुळे आणखी एक अडचण येते. मंच स्थिर असतो, बोट नसते. आकडा वर ओढला जात असताना बोट लाटेबरोबर खाली गेली, तर दोराला जबर हिसका बसतो. म्हणून जी यारी मंचावरच्या मंचावर जितके वजन उचलू शकते, तितके तिला बोटीवरून उचलू देत नाहीत. लाटा जितक्या उंच, तितकी तिची मर्यादा कमी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे अशी मोठी कामे दिवाळीनंतरच्या शांत महिन्यांत उरकावी लागतात. मंचावरील यारीला न पेलणारे यंत्र सुटे करून तुकड्यांनी नेतात, रुळांवरून कडेला सरकवितात, अथवा तरंगती मोठी यारी बोलावितात.

आता कोणी म्हणेल, इतका धोका असेल तर जुने यंत्रच जमेल तितके दिवस चालवावे. परंतु हाही मार्ग निर्धोक नाही. त्याचे उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुराची आठवण अनेकांना असेल. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय क्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. हवा खराब असल्याने हेलिकॉप्टर मिळेना. तेव्हा त्याला यारीच्या पाळण्यातून मंचावर घेण्याचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची यारी चालू नव्हती. म्हणून जहाज वारा व लाटा ज्या बाजूने येत होत्या, त्या बाजूने मंचाजवळ आले. या हालचालीत लाटांनी ते मंचाकडे लोटले गेले आणि त्याचा वरचा भाग समुद्रतळाहून वर येणाऱ्या वायूच्या उभ्या नळावर आदळला. वायू सुटला, पेटला, आणि सुमारे दोन तासांत मंच नष्ट झाला. बावीस माणसे दगावली. शेकडो माणसे वाचविण्यात आली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

पायपर अल्फावर यारी मोकळी नव्हती. मुंबई हायवर सोयीच्या बाजूची यारी चालू नव्हती. या दुर्घटनांचे मूळ केवळ यारीत होते, असे मुळीच नव्हे. त्यांस इतर अनेक कारणे होती. पण यारी हेही एक जड यंत्रच आहे. एक यंत्र बंद राहिले म्हणजे माणूस दुसरी, थोडी अधिक अवघड वाट धरतो. आणि त्या वाटेवर पूर्वी विचारात न घेतलेला धोका उभा असतो. यंत्र बदलण्यात जोखीम आहे, तशी ते बदलण्याचे लांबणीवर टाकण्यातही आहे. फरक इतकाच, की पहिलीची तयारी करता येते. दुसरी आपला दिवस स्वतः निवडते.

नवे यंत्र जागेवर बसले, बोल्ट आवळले गेले, की काम संपले असे वाटते. वस्तुतः येथे पुन्हा पहिल्याइतकीच सावधगिरी लागते. बसविलेल्या चकत्या यादीबरहुकूम मोजून काढावयाच्या, काढलेल्या झडपा परत लावल्याची खूण करावयाची, आणि वायू सोडण्यापूर्वी नायट्रोजन भरून प्रत्येक सांधा गळतीसाठी तपासावयाचा. ही सारी कामे करणारी माणसे थकलेली असतात, शेवटचे दोन दिवस उरलेले असतात, आणि किनाऱ्यावरून ‘वायू केव्हा सुरू करता?’ अशी विचारणा होत असते. याच घटकेला मुकादमाच्या ‘अजून नाही’ या दोन शब्दांची किंमत सर्वांत जास्त असते. ज्या मंचावर हे दोन शब्द उच्चारल्याबद्दल कोणाची नोकरी अथवा बढती धोक्यात येत नाही, तो मंच सुरक्षित समजावा. जेथे येते, तेथे उत्तम यारी आणि जाड नियमपुस्तके असूनही भरवसा धरता येत नाही.

हे शहाणपण समुद्रापुरते नाही. इंदूरच्या कारखान्यातील बाष्पपात्र असो, हैदराबादेतील विजेचे उपकेंद्र असो, की बेळगावच्या ओतशाळेतील भट्टी असो. पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाने पाळीवर येणाऱ्याला आपले काय पुरे झाले यापेक्षा काय अपुरे राहिले ते आधी सांगावे. आणि येणाऱ्याने ते ऐकून घेण्यापूर्वी कोणत्याही कळीला हात लावू नये. त्या बोलण्याला पाच मिनिटे पुरतात. ६ जुलै १९८८ च्या संध्याकाळी ती पाच मिनिटे मिळाली असती, तर ते झाकण रात्रभर तसेच राहिले असते आणि सकाळी कोणीतरी त्या जागी झडप बसविली असती.